दक्षिणेकडे तोंड करून बांधलेली नाव

आमच्या वडिलांना समुद्र मिळाला तो वर्तमानपत्रातून. राज्यपुनर्रचनेत चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार, अशी बातमी आली. ती दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि आता अरबी समुद्र आपला झाला असे जाहीर केले. चांद्यापासून तो समुद्र किती लांब आहे, हा प्रश्न मी विचारला नाही. बी.एस्सी. झाल्यापासून माझ्या प्रश्नांना घरात उद्धटपणा म्हणत असत, आणि मला तर नागपूरला सुरू केलेली एम.एस्सी. पुरी करायची होती. त्यासाठी मी पुष्कळ प्रश्न गिळून टाकले होते. त्यांत एकाची भर.

वडील तरुणपणी मुंबईच्या गोदीत कारकून होते. जहाजावर ते कधी चढले नव्हते. जहाजातून उतरलेल्या पेट्यांवर खुणा करीत. पण तेवढ्या भांडवलावर त्यांनी स्वतःला दर्यावर्दी ठरवले होते. चांद्याला परत येऊन लाकडाच्या वखारीत नोकरी धरल्यावरही ते जेवताना 'नाळ', 'डोल', 'सुकाणू' असे जहाजावरचे शब्द वापरीत, आणि आमटी वाढायला उशीर झाला तर भरती-ओहोटीचे दाखले देत. बातमी आल्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि एक जुनी नाव विकत घेतली. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जिथे प्राणहिता सुरू होते, तिथे ती रेतीत पडून होती. पूर्वी तिच्यातून बांबू वाहत असत. तिला त्यांनी तंबूच्या कापडाचे शीड शिवून लावले, आणि स्वतःसाठी निळ्या रंगाचा कोट शिवून घेतला. कोट शिडापेक्षा बेतशीर झाला होता.

बेत असा होता. प्राणहिता खाली जाऊन गोदावरीला मिळते, तिथे आमच्या जिल्ह्याच्या अगदी शेवटच्या टोकाला सिरोंचा आहे. पलीकडच्या काठापासून तेलुगू मुलूख सुरू होतो. वडील सिरोंच्याला 'आपल्या जिल्ह्याचे बंदर' म्हणत. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या कुटुंबाने नावेतून तिथे जायचे. तिथल्या एखाद्या व्यापाऱ्याने परतीचा माल दिला, तर धंद्याने मूळ धरले असे समजायचे आणि तिथेच पेढी उघडायची. पेढीवर घरचे, हिशेबी माणूस हवे. ते माणूस मी. पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी तराजूजवळ बसली की वजनात कोणी फसवणार नाही, असा त्यांचा तर्क होता. माल मिळाला नाही, तर मात्र नाव विकून टाकायची आणि मी नागपूरला परत जायचे. जलप्रवासाला निघालेल्या मंडळींत त्या प्रवासाचे वाटोळे व्हावे अशी इच्छा मनात धरून बसलेली मी एकटीच असावी. निदान तेव्हा मला तसे वाटले होते. आईला मी नीट विचारले नव्हते.

नावेत आम्ही चौघे होतो: वडील, आई, मी आणि आत्या. आत्या ही वडिलांची थोरली बहीण. तिला नागभीडकडच्या एका धानाच्या गावात दिली होती. विशीच्या आत ती विधवा झाली आणि आमच्या घरी आली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. घरातली सगळी कामे तिच्याकडे होती आणि घरातले एकही मत तिच्याकडे नव्हते. तिला बरोबर न्यायचे की नाही, याची चर्चा झाली नाही. नावेत चूल होती, म्हणून ती आली. याखेरीज वैनगंगेच्या वरच्या अंगाचे दोन नावाडी होते. ते इतके खाली पूर्वी कधी आले नव्हते, आणि वडिलांच्या सागरी आज्ञा त्यांना कळत नव्हत्या. त्यामुळेच आम्ही सुखरूप पोहोचलो.

सिरोंच्याचा घाट दिसला तेव्हा वडील कोटाची बटणे लावून उभे राहिले. घाटावर बऱ्याच नावा बांधलेल्या होत्या, आणि सगळ्यांची तोंडे वरच्या बाजूला, येणाऱ्या धारेकडे होती. दोघांतला थोरला नावाडी आमची नावही तशीच लावू लागला. वडिलांनी त्याला थांबवले. बंदरात जहाजाचे तोंड समुद्राकडे असते, हाक आली की वळण्यात वेळ जाता कामा नये, असे त्यांनी सुनावले. समुद्र म्हणजे बंगालचा. तो गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, डोंगर आणि घळी ओलांडून, कित्येक दिवसांच्या वाटेवर होता. तिकडून हाक येण्याची शक्यता मला अत्यल्प वाटली.

"मालक, धारेच्या आंगावर तोंड ठेवा लागते," नावाडी म्हणाला. "नाई तं नाव मागून धक्के खाते."

त्याच्या म्हणण्याला गतिशास्त्राचा पूर्ण आधार होता, आणि मी तसे सांगितले. माझे शास्त्र जमिनीवरचे आहे, असे उत्तर मिळाले. नाव फिरवली गेली. तिचे तोंड प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे थेट दक्षिणेकडे झाले, आणि मागून पाणी आदळू लागले. नावेचे तोंड तसे असेपर्यंत आम्ही घोटभर चहाही न सांडता प्यालो नाही.

दोर बांधला गेला आणि घाटावर शांतता पसरली. कपडे धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. एका म्हाताऱ्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. शेजारच्या नावेवर कोणी तरी गात होते, ते मध्येच थांबले.

"पाहिलंत?" वडील हळूच म्हणाले. "कोण आलंय ते बंदराला बरोबर कळतं."

संध्याकाळ व्हायच्या आत बायका पानांवर भात आणि चिंचेचे सार घेऊन आल्या. त्यांनी वर न बघता ते आमच्या नावेच्या तोंडाशी ठेवले आणि एक शब्द न बोलता परत गेल्या. फक्त एक म्हातारी मागे राहिली. ती नावेत चढली, चुलीपाशी बसलेल्या आत्याजवळ गेली, तिचा हात हातात घेऊन बसली आणि रडू लागली. आत्याला तेलुगू येत नव्हते, आणि म्हातारीला दुसरे काही येत नव्हते. आत्याने एकदा आमच्याकडे पाहिले. आमच्यापैकी कोणालाच काही सुचत नाही हे पाहून तिने चूल विझू दिली, पण हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी आम्हाला बंदराचे दर्शन घडवले. ते पुढे, छत्री उगारून. मागे आई आणि मी. आत्याभोवती आज आणखी दोघी येऊन बसल्या होत्या, म्हणून ती नावेतच राहिली. बंदर म्हणजे थोडी दगडी पायऱ्यांची उतरण आणि पुष्कळ रेती. घाटाच्या वर ताडाची झाडे, मग लाकडाचे ओंडके रचलेले आवार. त्याला वडिलांनी गोदी म्हटले. त्यापुढे एक बाजाररस्ता होता. दुकानांच्या पाट्या तेलुगूत असल्याने त्यांवर काय लिहिले आहे हे वडील वाटेल तसे सांगू शकत होते. एका पाटीला त्यांनी 'जहाजसामान' असे वाचले. आत ताडाच्या पानांचे पंखे विकायला होते. सगळ्या रस्त्यावर लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या, छपरांवर मिरच्या, अंगणांत मिरच्या, आणि आम्ही शिंकत शिंकत बंदर पाहत होतो.

या शहराचा आदरसत्कार मात्र विलक्षण होता. आम्ही आलो की लोक रस्त्यातून बाजूला होत. चहाच्या दुकानात बाकावरची माणसे उठून उभी राहिली. वाण्याने तांदूळ मोजून दिले. आईने हळद-कुंकू मागितले तेव्हा त्याने हात जोडले आणि आतल्या खोलीत निघून गेला. बांगड्यावालीने आईला येताना पाहून टोपलीवर फडके ओढले. आईला वस्तू विकायला नकार देणारा दुकानदार तिच्या आयुष्यात प्रथमच भेटला होता.  नावेवर परतलो तेव्हा घाटावर एक न्हावी पेटी मांडून बसला होता. तो वडिलांकडे बघे, मग त्यांच्या मिशीकडे बघे, आणि वाट पाहत राही. त्या मिशीवर वडिलांची निम्मी दर्यावर्दी भिस्त होती. दाढीची गरज नाही असे त्यांनी त्याला खुणेने सांगितले. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसला. बंदरांत अशी व्यवस्था मोफत असते, असे वडिलांनी आम्हाला समजावले.

वडिलांचा डोळा ज्या व्यापाऱ्यावर होता, ते मिरचीचे मोठे मुसलमान व्यापारी होते. घाटापासून जवळच त्यांची वखार होती आणि मागे घर. त्यांनी वडिलांना खुर्ची दिली, सगळे बोलणे ऐकून घेतले, छातीवर हात ठेवला आणि सांगितले की सब्र ठेवा, कामाच्या गोष्टी नंतर होतील. दुसऱ्या व्यापाऱ्याने तेच केले. तिसऱ्याने डोळे पुसले. वडील परत आले ते भारावून. हा खरा बंदरी व्यापार, म्हणाले. चांद्याच्या माणसाला ही खानदानी रीत कधी जमायची नाही.

माझ्या प्रशिक्षणाने मला एवढे तरी शिकवले होते की चमत्कारिक गोष्टी सुट्या सुट्या आल्या तर दुर्लक्ष करता येते, एकदम आल्या तर त्यांना एकच कारण शोधावे. पहिले गृहीतक: लोक वडिलांना सरकारी अधिकारी समजत असावेत. पण अधिकाऱ्याच्या बायकोला बांगड्या नाकारण्याचे धाडस कोणता व्यापारी करील? दुसरे: दिवाळीच्या सणात परक्याला जेवू घालायची इथे रीत असावी. मग अन्न असे का? मिरच्यांच्या गावात आमच्या पानावर येणाऱ्या सारात मिरचीचा तुकडा नव्हता, आणि भातात मीठसुद्धा नव्हते. बंदरावरचे लोक सौम्य खातात, हे वडिलांचे स्पष्टीकरण मी विचारात घेतले नाही. तिसरे गृहीतक मांडायला माझ्याकडे काही उरले नाही. तेव्हा मी दुसरी वाट धरली: या घाटावरच्या इतर नावांत आणि आमच्या नावेत फरक काय? शिडाचे कापड सोडले तर एकच. आमचे तोंड दक्षिणेला होते.

उत्तर समोर दिसत असूनही त्याचा अर्थ मला लागेना. मी विचारायचे ठरवले, आणि जिची भाषा मला समजेल अशा एकाच बाईकडे गेले. त्या मिरचीच्या व्यापाऱ्यांची आई वखारीमागच्या ओसरीत सुपारी कातरत बसलेली असे. मी तिला सरळ विचारले की इथले लोक आमच्याशी असे का वागतात. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"बेटी, तुम्हारी नाव का मुँह दक्खिन को बँधा है," ती म्हणाली. "जिस नाव में मौत हुई हो, उसका मुँह हम लोग दस दिन दक्खिन को रखते हैं. ऐसी नाव से कोई सौदा नहीं करता. और कोई पूछता भी नहीं कि कौन गया."

मग तिने, विचारायचे नसतानाही, कोण गेले ते विचारले, आणि खरे उत्तर मी तूर्त टाळले. आईच्या कपाळाला कुंकू होते, वडील चालते-फिरते होते. तेव्हा बायकांनी आपापसांत ठरवून टाकले होते की गेला तो माझ्या आत्याचा माणूस. तर्क निर्दोष होता. फक्त तो बावीस-पंचवीस वर्षे जुन्या घटनेवर बसवला होता.

वाटेत मी विचार केला तो असा. नाव अशीच राहिली तर माल मिळणार नाही. सुट्टी संपेल, नाव विकली जाईल आणि मी नागपूरला जाईन. म्हणजे मी गप्प बसणे पुरेसे होते. पण वडील हट्टाने पुन्हा पुढच्या सुट्टीत आले असते, आणि तेव्हा कोणी त्यांना सांगितले असते. अज्ञानावर उभारलेली योजना टिकाऊ नसते, मग ते अज्ञान दुसऱ्याचे का असेना. शिवाय माहितीला किंमत असते, आणि ही माहिती नावेत फक्त माझ्याकडे होती. मी ती विकायचे ठरवले.

दुपारी वडील पानावर बसले होते. आई वाढत होती. आत्या चुलीपाशी, तिच्या शेजारी ती म्हातारी.

"बाबा, तुम्हाला माल का मिळत नाही, ते मला कळलं आहे," मी म्हणाले.

माल मिळत नाही असे नाही, आधी ओळख वाढवावी लागते, असे ते म्हणाले.

"सांगते. पण त्याची किंमत नागपूर आहे. माल मिळाला तरी मी इथे बसणार नाही. एम.एस्सी. पुरी करणार."

वडील खूप हसले. आमची मुलगी बंदरात येऊन दोन दिवसांत व्यापारी झाली, असे त्यांनी आईला ऐकवले. मग हात उंचावून म्हणाले, "कबूल."

"मी ऐकलंय हं," आई म्हणाली.

मी सांगितले. जसे ऐकले तसे, क्रमाने, काही न वगळता. वडिलांचा हात भातात राहिला. त्यांनी नावेच्या तोंडाकडे पाहिले, मग घाटावरच्या त्या पेटीवाल्याकडे, आणि त्यांची बोटे आपोआप मिशीकडे गेली.

"म्हणजे तो न्हावी..."

"हो," मी म्हणाले.

थोरला नावाडी आकाशातल्या घारी पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते. वडील तडक उठले आणि आत्ताच्या आत्ता नाव फिरवा असे ओरडले. नावाड्याने दोराला हात घातला.

"फिरवू नोका," आत्या म्हणाली.

कोणी ऐकले नाही. आत्याचे बोलणे न ऐकण्याची आम्हा सगळ्यांना सवय होती. तिने ते पुन्हा म्हटले, आणि या वेळी नावाडी थांबला. आत्या माझ्याकडे वळली.

"मंग हे जेवण माह्यासाठी होतं?"

मी हो म्हणाले.

"आन ही बाई माह्यासाठी रडे?"

मी पुन्हा हो म्हणाले. आत्याने म्हातारीकडे पाहिले. म्हातारीला आमची भाषा कळत नव्हती. ती आपली पदराने डोळे टिपत होती.

"नाव अशीच राहू द्या, भाऊ," आत्या वडिलांना म्हणाली. "दिवस पुरे होऊ द्या."

"कुणाचे दिवस, बाई?" वडील वैतागून म्हणाले.

"त्यायचे."

वडिलांनी तिला समजावायला घेतले. इतकी वर्षे झाली, आता त्याचे काय, धंद्याचा वेळ जातो आहे, लोक गैरसमजात आहेत. आत्याने ते सारे शांतपणे ऐकले. ऐकण्याची तिला चांगली सवय होती.

"माह्या वक्ताले कोणी दिवस मोजले नाई," ती म्हणाली. "सासरच्यायनं तिसऱ्या दिवशी बंडीत बसवून धाडलं. तुह्या घरी आली, तं तू मुंबईले पेट्या मोजून राह्यला होता. माह्याजवळ कोणी बसलं नाई. इथी लोकाईले माहीतबी नाई कोण गेला, तरी बसले."

 वडिलांनी आईकडे पाहिले. आईने त्यांच्या पानावर आणखी भात वाढला.

"राहू द्या तोंड तिकडेच," ती म्हणाली. "समुद्र का पळून चालला?"

अशा रीतीने आमचे जहाज बंदरात थांबले, आणि कप्तान आपल्या बहिणीच्या हुकमात. मला घटनांचा हा कल अनपेक्षित होता. सत्य सांगितले की लोक त्याप्रमाणे वागतात, असे मी समजत होते. सत्य कळल्यावर एखादी व्यक्ती चूक होती तशीच राहू द्या म्हणेल, हे माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

खरे काय ते घाटाला सांगितले पाहिजे, असा मी आग्रह धरला. आत्याही तयार झाली. मात्र ती घाबरली होती. व्यापाऱ्यांच्या आईने मध्ये बसून माझे बोलणे तेलुगूत सांगितले. ओसरीत बायका जमल्या होत्या. आमच्या वडिलांनी नावेचे तोंड दक्षिणेकडे का ठेवले, हा भाग येताच त्या इतक्या हसल्या की सुपारीचे तबक कलंडले. त्यानंतर आत्याचा भाग आला, आणि हसू थांबले. मग त्यांची आपसांत बरीच चर्चा झाली. निकाल असा लागला की मरण झाले होते ना, मग नाव काही खोटे बोललेली नाही. उशीर झाला, पण त्याला आत्या काय करणार. दिवस चालू राहतील. भात येत राहील. मिठाशिवाय.

वडिलांची कीर्ती त्याच संध्याकाळी घाटभर झाली. हमाल त्यांना येताना पाहून 'समुद्रम्' म्हणू लागले. वडीलही त्यांच्याकडे पाहून हसत, कारण तो शब्द त्यांना आपला किताब वाटला. आम्ही त्यांचा भ्रम तोडला नाही. या शहरात येऊन त्यांनी मिळवलेली तेवढीच एक गोष्ट होती.

उरलेले दिवस मी गावात हिंडण्यात घालवले. माझे प्रयोगाचे तास नागपुरात सुरू झाले होते आणि मी इथे पलीकडच्या काठावरच्या देवळाचा कळस मोजत होते, अंदाजाने. आत्या मात्र रोज पहाटे बायकांबरोबर नदीवर जाई आणि उशिरा परत येई. दुसरीची भाषा एकाही बाजूला येत नव्हती, पण बोलणे थांबत नव्हते. ती परत आली की आम्हाला सांगे, अमक्या नावेवरच्या सुनेला काय होते आहे, तमक्या वखारीत ओल्या मिरच्या कशा खपवतात. हे तिला कसे कळते, असे मी एकदा विचारले. तू कॉलेजात काय शिकते, असे तिने उलट विचारले, आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

दहाव्या, शेवटच्या दिवशी एक अडचण उभी राहिली. घाटाच्या रीतीप्रमाणे नाव फिरवायची ती मालकाने, आणि मिशी उतरवून. न्हावी इतके दिवस त्यासाठीच येत होता. वडिलांनी खूप तडजोडी सुचवल्या. केवळ टोके कापली तर? चांद्याला जाऊन केले तर? आत्याने यांपैकी एकालाही उत्तर दिले नाही. ती चुलीशेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी वडील घाटाच्या पायरीवर जाऊन बसले. न्हाव्याने पेटी उघडली. सगळ्या नावांवरचे लोक पाहायला उभे राहिले, अत्यंत आदराने.

त्यांचा वरचा ओठ इतका लहान आहे, हे आईलाही माहीत नव्हते.

मग त्यांनी दोर हातात घेतला आणि नाव फिरवली. तोंड धारेकडे झाले, मागचे धक्के थांबले, आणि आम्ही सिरोंच्यात प्रथमच न सांडता चहा प्यालो. तो चहा पुरा व्हायच्या आत मिरचीचे व्यापारी स्वतः नावेशी आले. आता कामाचे बोलू, म्हणाले. नाव भरेल इतकी पोती त्यांनी द्यायचे कबूल केले, आणि चांद्याहून मीठ-कापड आणायला सांगितले. शेवटी विचारले की इथली देवघेव बघायला तुमच्यातर्फे कोण राहणार.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "कबूल केलंय तुम्ही," आई म्हणाली. वडिलांनी सांगायला सुरुवात केली की कबुली दिली तेव्हा परिस्थिती वेगळी होती, आणि कराराचा अर्थ परिस्थितीप्रमाणे लावावा लागतो. गोदीत तसेच करतात. मी उत्तर जुळवत होते. नागपूर माझ्या हातातून निसटत चालले होते, आणि या वेळी विकायला माझ्याजवळ काही नव्हते.

"मी राहते इथी," आत्या म्हणाली.

वडील हसले. मग ती खरेच बोलते आहे हे त्यांच्या लक्षात आले. तिला इथली भाषा येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

"इतके दिवस मी मुकी होती का?" आत्या म्हणाली. "पोतं ओलं हाय का वाळलं, ते मले कळते. यायच्या मायच्या ओसरीमागं खोली हाय. मी पाहून आली."

म्हणजे ती पाहूनही आली होती. व्यापाऱ्यांनी लगेच मान डोलावली; त्यांच्या दृष्टीने घाट जिला ओळखतो अशी आमच्यात ती एकच होती. वडिलांनी अखेरचे शस्त्र काढले. विधवा बहीण परक्या गावी एकटी ठेवली, तर लोक काय म्हणतील?

"तुही मिशी गेली, भाऊ," आत्या म्हणाली. "आता लोकाईनं म्हणाचं काय राह्यलं?"

नावाड्याला या वेळी घारी सापडल्या नाहीत. तो उघड हसला. व्यापारी सभ्यपणे नदीकडे पाहू लागले. वडिलांनी हात ओठावर नेला, तिथे काहीच नाही हे त्यांना आठवले, आणि ते पोती मोजायला निघून गेले. त्यालाच होकार समजायचा, असे आईने मला सांगितले.

निघायच्या दिवशी आत्या घाटावर आली ती उशिरा, कारण वखारीत एका हमालाशी तिचे वजनावरून भांडण चालू होते. ती मराठीत भांडत होती, तो तेलुगूत, जिंकली ती. तिच्याबरोबर ती म्हातारी होती. मी नावेत पोत्यांवर बसले होते, डोळ्यांतून पाणी येत होते, आणि त्याचे कारण मिरच्या होत्या असे मी ठरवले. चूल आता नावेत पेटवायला कोणी नव्हते. आईने वडिलांच्या हातात फुंकणी दिली होती.

आत्याने नावेच्या काठाला हात लावला. मी तिचे उपकार मानावेत अशी कोणतीही अपेक्षा तिच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट तिला घाई असावी.

"शिक तू," ती म्हणाली. "सुट्टीत ये. आन येशीन तं आधी मले विचार. नावेचं तोंड कोठी ठेवाचं, ते मी सांगीन."